मालक एक, चालक दुसरा

माझं गाव कारंजा लाड. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला आणि आम्ही वाशीमकर झालो. पण आमच्या गावची रेल्वे वाशीमला कधीच जात नव्हती. ती एका अंगाला मूर्तिजापूरला जायची आणि दुसऱ्या अंगाला दारव्ह्यावरून यवतमाळला. कलेक्टर कचेरीत काम असलं की एसटी आणि मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची मोठी गाडी धरायची असली की ही आमची छोटी गाडी, शकुंतला, अशी आमच्या घरात वाटणी ठरलेली होती.

आजोबा कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या लेखी ही गाडी माणसांची नव्हतीच, ती कापसाची होती आणि माणसं तिच्यात बसत एवढंच. इतिहास पाहिला तर त्यांचं म्हणणं खरंच होतं. भुसावळहून नागपूरला जाणारी मोठी लाईन 1867 साली पुरी झाली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदराच्या टप्प्यात आला. पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा, अचलपूर ही कापसाची गावं त्या लाईनपासून लांब राहिली. तिथला माल बैलगाड्यांनी आणावा लागे. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने यात धंदा पाहिला. 1910 साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी राहिली आणि पुढच्या काही वर्षांत मूर्तिजापूर मधोमध धरून दोन फाटे पडले. अचलपूरकडचा 76 किलोमीटरचा आणि कारंजावरून यवतमाळकडचा 113 किलोमीटरचा. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. खर्च कमी, वळणं सोपी, पण मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण उतरवून साडेपाच फुटी लाईनवरच्या डब्यात चढवावी लागे. ती पुढे मुंबईला आणि तिथून बोटीने इंग्लंडला. गंमत अशी की ही गाडी ओढायला 1921 साली बांधलेलं वाफेचं इंजिन आलं, तेही इंग्लंडमधूनच, मँचेस्टरहून. त्याने 15 एप्रिल 1994 पर्यंत काम केलं, मग डिझेल आलं.

मला नीट आठवते ती डिझेलचीच शकुंतला. डबे मोजके, बाकं लाकडी. फाटक आलं की गाडी अलीकडे थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की फाटक उघडून पुन्हा चढायचा. लहान स्टेशनांवर तिकीट द्यायला कुणी नसे, तेव्हा गार्डच तिकिटं फाडायचा. वेग असा की एखादं पोरगं उतरून बोरं तोडायचं आणि मागच्या डब्यात चढायचं. गाडीत दुधाच्या कॅन असत, बाजाराच्या दिवशी भाजीची गाठोडी असत. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून कारंजाला गुरुमंदिरात दर्शनाला येणारे भाविक असत. हे सगळे गाडीत का बसत, याचं कारण एकच. भाडं एसटीपेक्षा पुष्कळ कमी होतं. ज्याला वेळेची घाई नव्हती आणि पैशाची चणचण होती, त्याची ही गाडी.

मागच्या हिवाळ्यात मी कारंजा स्टेशनापासून मूर्तिजापूरच्या दिशेने रुळांच्या कडेने थोडं चालत गेलो. गाडी बंद होऊन बरीच वर्षं झाली आहेत. रुळांमध्ये वेड्या बाभळी माजल्या होत्या. कुठे गिट्टी दिसत होती, कुठे नुसती माती. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, गाडीची आठवण येते का? ते म्हणाले, "आठवन येऊन काय करतं बाप्पा? मूर्तिजापूरले जाले आता दुप्पट पैसे लागते, ते सांग कुनाले तरी." मला उसासा अपेक्षित होता, त्यांनी हिशेब सांगितला.

गावात विचारा, गाडी का बंद पडली? उत्तर ठरलेलं: "ती अजून इंग्रजांची आहे, त्यांना रॉयल्टी जाते." गोष्ट चवीची आहे, पण त्याने खरा मुद्दा झाकला जातो. ब्रिटिश काळातल्या करारानुसार लाईनची मालकी कंपनीकडे आणि गाड्या चालवणं सरकारी रेल्वेकडे, अशी व्यवस्था होती. 1951 साली मध्य रेल्वे झाली तेव्हा आजूबाजूचं जाळं तिच्यात गेलं, ही लाईन मात्र खासगी कंपनीचीच राहिली. ती कंपनीही लंडनची नाही, मुंबईचीच. म्हणजे रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची. दुसऱ्याच्या मालमत्तेवर रेल्वेने मोठा खर्च का करावा आणि ज्यातून नवा नफा नाही त्यावर कंपनीने तरी का करावा? त्यातच कापूस ट्रकने जाऊ लागला आणि जिच्यासाठी लाईन टाकली ती मालवाहतूकच संपली. उरले ते गरीब प्रवासी. त्यांच्यासाठी कुणीच लाईन टाकली नव्हती, म्हणून त्यांच्यासाठी कुणी ती टिकवलीही नाही.

2016 च्या सुमारास सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना रुंदीकरणाची घोषणा झाली. अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोकांनी आंदोलनं केली, निवेदनं दिली. शकुंतलेवर हळवे लेख तर दरवर्षी येतात. त्या हळवेपणाने बाभळी काही निघाल्या नाहीत.

म्हणून कारंजेकरांना माझं सांगणं आहे. जुन्या गाडीचा डबा बागेत ठेवा, अशी मागणी करू नका. निवडणुकीत मत मागायला येईल त्याला दोनच प्रश्न विचारा. या लाईनच्या जमिनीचा मालक आज नेमका कोण? आणि रुंदीकरणाच्या कामासाठी या वर्षीच्या अर्थसंकल्पात किती रक्कम ठेवली आहे? उत्तर लेखी मागा. तोंडी उत्तरं आपण पुष्कळ ऐकली.