काका, तो डबा भंगारात देऊ नका

ती. काकांस,


काकूचा फोन आला होता. सोमवारी भंगारवाला येणार, आणि तुम्ही संगणक वायर गुंडाळून ओटीवर आणून ठेवलाय म्हणे. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र आलं की तुम्ही आधी वाचता आणि मग रागावता, एवढं मला ठाऊक आहे.

राग का आला तेही कळतं. शिमग्याच्या पालखीचा हिशोब काय थोडका असतो? घरोघरची वर्गणी, खेळ्यांचा चहा, ढोलवाल्यांचं मानधन, सहाणेवरच्या मांडवाचा खर्च. यादी संपत आली की पडदा काळा, आणि क्षणात साहेब आपले नव्याने उठताहेत. कोणाचंही डोकं फिरेल. पण ‘त्याची लहर’ असं तुम्ही म्हणावं? आख्खी नोकरी वीज उपकेंद्रात काढलेल्या माणसाने?

आठवतं ना, मी जेवणाचा डबा घेऊन यायची तेव्हा तासाचा ठोका पडला की तुमचा घास हातातच राहायचा? उठायचं, मीटर वाचायचे, लॉगशीटवर आकडे चढवायचे आणि मगच पुढचा घास. ती सवय निवृत्त झाली नाही हे फार बरं झालं. संगणक बंद पडला की कॅलेंडरच्या चौकटीत निळ्या बॉलपेनने वेळ लिहून ठेवलीत. काकूने त्या पानांचे फोटो पाठवले. गंमत अशी, की संगणकाला हात लावलेल्या सगळ्यांनी त्याचं पोट उघडलं, तुमचं कॅलेंडर कोणी उघडलं नाही. तुम्हीसुद्धा नाही!

तालुक्याहून येणाऱ्या त्या मुलाला मी दोष देत नाही. आधी त्याने फॉरमॅट मारला. मग रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासले. हसू नका, संपर्कावर कीट चढली असेल तर त्याने खरंच फरक पडतो, आणि आपल्याकडच्या खाऱ्या हवेत तर जास्तच. मग त्याला विंडोजच्या नोंदींत ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसलं आणि त्याने एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलला. पण ४१ ची नोंद एवढंच सांगते, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं. का, ते ती सांगत नाही. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून हे होतंय, असं वाचनालयात तुम्हाला कोणी सांगितलं? ते दुखणं वेगळं. त्याने सुरक्षेची नवी ठिगळं मिळेनाशी होतात, संगणक असा खटकन मरत नाही.

मी तुम्हाला ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ची खूण काढायला लावली होती, ती का ते तेव्हा सांगितलं नाही. बिघाड विंडोजचा, ड्रायव्हरचा किंवा रॅमचा असता तर ती खूण काढल्यावर बहुधा निळा पडदा तसाच थांबला असता, त्यावर काही कोड दिसला असता. तुमच्याकडे निळं काही आलंच नाही, थेट काळोख. मदरबोर्डचे तुम्ही टॉर्च मारून काढलेले फोटो मी मोठे करून पाहिले. एकही कपॅसिटर फुगलेला नाही. प्रोसेसरचं तापमानही बेताचंच होतं. रॅम तपासणारा मेमटेस्ट तर रात्रभर चालला, एक चूक नाही. आणि काका, त्या रात्री संगणक एकदाही बंद पडला नाही! हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं?

आता कॅलेंडर काढा. शनिवार, रविवार, पुन्हा शनिवार. सकाळी सात-आठच्या सुमारास दोन-दोनदा. मे महिन्यात तर चौकटी पुरल्या नाहीत, जुलैत जवळजवळ कोऱ्या. रात्री अकरानंतर एकही नोंद नाही. शनिवार-रविवारी आणि मे महिन्यात आपल्या आळीत काय वाढतं, सांगा बघू?

पाहुणे. शेजारच्या नव्या होमस्टेत सकाळी सगळे एकदम आंघोळीला जातात, टाकी उतरते, फ्लोट स्विच बोअरचा पंप सुरू करतो. मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट करंट ओढते, हे मी तुम्हाला शिकवायचं? त्यात आपलं घर डीपीपासून शेवटचं. काकू कधीची म्हणतेय, की देवघरातला झीरोचा बल्ब मधेच डोळा मारतो. तिचं तुम्ही कधी ऐकलंय!

संगणकाचा पॉवर सप्लाय वीज तुटली तर पूर्ण भारावर सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, म्हणजे आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनही पुरं होत नाही. मोटरचा झटका त्याच्या कितीतरी पट टिकतो. तो झेलायला यूपीएस असतो. यूपीएस आहेच की, म्हणाल. आहे, पण त्यातली बॅटरी मेलेली असणार. ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी तीन-चार वर्षांवर कुठे टिकते, तेही आपल्या उकाड्यात? व्होल्टेज पडलं की यूपीएस भार बॅटरीवर टाकतो, आणि तिथे काहीच नाही.

आणि तो ओरडत होता, काका. काकूने तेही सांगितलं. दुपारी झोप लागत नाही म्हणून तुम्ही बझरची वायर कापलीत. उपकेंद्रात कोणी अलार्मची वायर कापली असती, तर त्याचं तुम्ही काय केलं असतंत?

माझं खरं की खोटं, ते तुम्हीच ठरवा. यूपीएसला संगणक नको, नुसता टेबललॅम्प लावा आणि भिंतीतला प्लग उपटा. दिवा त्याच क्षणी गेला तर बॅटरीच बदला, बाकी कशाला हात लावू नका. मल्टिमीटर काढणार असाल तर त्यात किमान आकडा धरून ठेवायची सोय असेल तरच काढा. साधा मीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, एवढा छोटा झटका त्याला दिसत नाही. शेजाऱ्यांशी भांडू नका. त्यांचा पंप त्यांच्या जागी बरोबर आहे, आणि गणपतीत तुम्हाला त्यांच्याकडे जेवायला जायचंय.

भंगारवाल्याला जुनी बॅटरी द्या, तिचे त्याला पैसे मिळतात. आणि पालखीचा हिशोब पुरा झाला की एक प्रत इकडे पाठवा. आमच्या घरची वर्गणी यादीत दोनदा लागली आहे असं आईचं म्हणणं आहे, आणि ती ऐकायला तयार नाही.

तुमची,
छोटी