खुर्ची उलटी करून बघा

फौजी माणसाच्या घरात फर्निचर असतं, पण ते त्याचं नसतं. पलंग एमईएसचा, टेबल एमईएसचं, जेवायच्या खुर्च्याही एमईएसच्या. क्वार्टर ताब्यात घेताना यादीवर सही करायची आणि सोडताना मोजून परत द्यायचं. आपलं म्हणजे काय, तर काळ्या ट्रंका आणि त्यांच्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर, रँक, नाव. त्यामुळे जुन्या लाकडी सामानाची किंमत कशी ठरते, हा प्रश्न सर्व्हिसमध्ये असताना आपल्याला पडत नाही. तो पडतो निवृत्तीनंतर, आणि तोही बहुधा विकायची वेळ आल्यावर.

मी सॅपर, ट्रेड सुताराचा. आजोबा आणि वडील दोघेही सुतार, त्यामुळे रंधा आणि पटाशी भरती व्हायच्या आधीपासून हातात होती. बंगळुरूला पोस्टिंग आली आणि रविवारचा वेळ कुठे घालवायचा हा प्रश्नच मिटला. इथली छावणी 1809 सालची. साहेबलोकांनी बंगले बांधले, त्यांत सामान भरलं, पुढे निघून गेले. कुक टाउन, रिचर्ड्स टाउन, फ्रेझर टाउनमधले ते बंगले आता एकेक करून पडतायत आणि जागेवर अपार्टमेंट उभी राहतायत. आतलं सागवान आणि शिसव मग शिवाजीनगरच्या दुकानांत येतं, नाहीतर ॲव्हेन्यू रोडच्या बाजूला भरणाऱ्या रविवारच्या बाजारात.

या बाजारात प्रत्येक खुर्चीला एक गोष्ट असते. एका दुकानदारानं मला एक आरामखुर्ची दाखवून छातीठोकपणे सांगितलं, "साब, इसपे चर्चिल बैठता था." चर्चिल बंगळुरूला होता हे खरं. 1896 मध्ये तो आपल्या घोडदळ पलटणीबरोबर इथे आला. बँगलोर क्लबच्या 1899 च्या वहीत त्याच्या नावावर 13 रुपये थकबाकी आजही दिसते. पण ती वही आहे म्हणून आपण ते मानतो. खुर्चीला तशी वही कुठे होती? गोष्ट फुकट मिळते, पैसे द्यायचे ते पुराव्याचे.

हे सगळं कामी आलं ते एका काकूंच्या घरी. आमच्याच ग्रुपमधून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले एक साहेब लिंगराजपुरममध्ये राहायचे. मूळचे साताऱ्याकडचे, पण निवृत्तीनंतर इथेच नोकरी धरली आणि इथेच राहिले. त्यांना जुन्या सामानाचा नाद होता. छावणीत लिलाव असला की हजर. दोन वर्षांपूर्वी साहेब गेले. आता घरमालकाला घर विकायचं होतं आणि काकू पुण्याला लेकीकडे, हडपसरला निघाल्या होत्या. लेकीचा फ्लॅट दोन खोल्यांचा. तिथं हे सामान मावणार नव्हतं. एक व्यापारी येऊन सगळ्याचे मिळून वीस हजार सांगून गेला होता.

काकूंनी फोन केला. "अरे, तू सुतार ना? जरा बघून जा. फॅमिली पेन्शनीत माझं भागतंय, पण लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही मला."

पहिली गोष्ट मी त्यांना सांगितली ती ही, की "सगळं मिळून" या भावात काही विकायचं नाही. चार सामान्य वस्तूंच्या आड एक चांगली वस्तू न्यायची, हा या धंद्यातला जुना डाव आहे. मग बॅटरी, टेप आणि एक जुना पंचा घेऊन मी जमिनीवर बसलो आणि एकेक नग उलटा केला.

सुरुवात गोल टेबलापासून. व्यापारी म्हणाला होता की हे नवीन आहे, वरून पॉलिश मारून जुनं केलंय. पॉलिशवरून काहीच कळत नाही, ते काल संध्याकाळीही मारता येतं. मी टेप लावली. लाकडाच्या रेषांच्या दिशेनं माप आलं पूर्ण तीन फूट, आडव्या दिशेनं जवळजवळ अर्धा इंच कमी. सागवान वर्षानुवर्षं रेषांना आडवं आकसतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे भरीव लाकडाचं जुनं गोल टेबल खरं म्हणजे गोल राहत नाही. खालच्या बाजूला हातरंध्याच्या उथळ लाटा बोटांना लागत होत्या. स्क्रू सगळे एका खाचेचे. फुलीच्या खाचेचा स्क्रू अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. त्यामुळे "राणीच्या काळातल्या" वस्तूत तो दिसला तर समजावं, एकतर दुरुस्ती झालीय किंवा थाप मारली जातेय.

मग वाकवलेल्या लाकडाच्या चार खुर्च्या. इराणी हॉटेलात आपण ज्यांच्यावर बसून बनमस्का खाल्लाय, त्याच घराण्यातल्या. व्हिएन्नाच्या थोनेटनं 1859 मध्ये बीचचं लाकूड वाफेवर वाकवून 14 नंबरची खुर्ची काढली. सहा भाग आणि दहा स्क्रू. सुट्ट्या केल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावायच्या. लॉजिस्टिक्सवाल्यांनी सलाम ठोकावा असं काम. पण 1869 मध्ये थोनेटची मक्तेदारी संपली आणि कोनसारख्या इतर कंपन्यांनीही तशाच खुर्च्या काढल्या. म्हणून आकारावरून नाव सांगता येत नाही. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला छाप किंवा कागदी लेबल शोधावं लागतं. चारपैकी एकाच खुर्चीवर थोनेटचा छाप निघाला. दोन कोऱ्या, चौथीची बैठक बदललेली. मी काकूंना तसंच सांगितलं, की थोनेटचा सेट म्हणून या विकता येणार नाहीत. शिवाय थोनेटनं या खुर्च्या कोट्यवधी विकल्यात. नाव मोठं असलं तरी वस्तू दुर्मीळ असतेच असं नाही.

तिसरं, लिहायचं डेस्क. ड्रॉवरच्या कडेवर छोटी पितळी पट्टी होती, आर्मी अँड नेव्हीची. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग तुम्ही पाहिली असेल. ही सोसायटी फौजी अधिकाऱ्यांनीच 1871 मध्ये लंडनला काढली, आपल्या लोकांना स्वस्तात माल मिळावा म्हणून. आपल्या कँटीनची पणजीच म्हणा. मुंबईचं दुकान 1891 मध्ये उघडलं. पट्टीमुळे डेस्कचा भाव नक्की वाढतो. पण पट्टीवर नाव असतं ते बरेचदा विकणाऱ्याचं. घडवणाऱ्याचं नाव शोधायला मी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला. कोपऱ्यातले सांधे पारव्याच्या शेपटीसारखे, हातानं कापलेले, प्रत्येकाची रुंदी किंचित वेगळी. मागच्या फळीवर आखणीची रेघ तशीच राहिलेली. कुणा मिस्त्रीनं हे केलं, त्याचं नाव कुठल्याच पट्टीवर नाही. सही म्हणायची तर ती रेघच.

शेवटी कोपऱ्यातली घडीची खुर्ची. व्यापाऱ्यानं तिला मोजलंच नव्हतं. चार पाय, आडव्या काठ्या, कॅनव्हास आणि चामड्याचे पट्टे. ही रुडकी चेअर. नाव पडलं ते रुडकीवरून, जिथं बंगाल सॅपर्सचं सेंटर आहे. आम्ही खडकीवाले त्यांची स्तुती सहसा करत नाही, पण या खुर्चीपुढे मान झुकवतो. यात गोंद नाही, खिळा नाही. काठीचं निमुळतं कुसू पायाच्या निमुळत्या भोकात बसतं आणि बसणाऱ्याच्या वजनानं सांधा आणखी घट्ट होतो. जमीन उंचसखल असली तरी चारही पाय टेकतात. डेन्मार्कच्या कारे क्लिंटनं 1933 मध्ये हिच्यावरूनच आपली सफारी खुर्ची केली.

एका पायाच्या आत बाणाची खूण होती. ब्रिटिश काळापासून ही सरकारी मालाची खूण. काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे चोरीची म्हणतील का रे?"

खूण आहे म्हणजे कागद हवाच. चंदीगडचं उदाहरण ताजं आहे. पिअर जानरेच्या हाताखाली 1950 च्या दशकात सरकारी कचेऱ्यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या बनल्या. पुढे त्या भंगारात निघाल्या, लिलावात किरकोळ भावात गेल्या आणि परदेशात लाखोंनी विकल्या जाऊ लागल्या. पाठीवर रंगवलेली खात्याची अक्षरं तिथं अस्सलपणाचा पुरावा ठरली. 2011 मध्ये गृह मंत्रालयानं हे सामान जपण्याचे आदेश काढले. म्हणजे एकच खूण कागदासोबत असेल तर भाव वाढवते, कागद नसेल तर पोलीस चौकी दाखवते.

काकूंनी कपाटातून साहेबांची फाइल काढली. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद, आणि त्यांच्यामागे टाचणीनं लावलेली 1974 ची लिलावाची पावती. "चेअर फोल्डिंग, अनसर्व्हिसेबल, नग एक." शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. डेस्कचीही खरेदी तशीच लावलेली. मरून दोन वर्षं झालेल्या माणसानं त्या दिवशी बायकोची बाजू मांडली.

पुढच्या तीन रविवारी एकेक नग वेगळा दाखवला, फोटो आणि पावत्यांसकट. घेणाऱ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली. शंभर वर्षांवरची पुरावस्तू 1972 च्या कायद्यानुसार खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही, त्यामुळे बाहेरच्या भावाचं गाजर नको. डेस्क, टेबल आणि खुर्च्या मिळून एकसष्ट हजार आले. थोनेटच्या छापाची एक खुर्ची त्याच पहिल्या व्यापाऱ्यानं घेतली, न कुरकुरता.

रुडकी चेअरला चांगलं गिऱ्हाईक होतं. काकूंनी ती दिली नाही. घडी करून पिशवीत बसते, गाडीत सीटखाली जाते, लेकीच्या गॅलरीत जागा अडवत नाही. हिशेब चोख होता.

निवृत्त मंडळींना एवढंच सांगणं. घरातला जुना नग आज उलटा करा. छाप, पट्टी, नंबर जे दिसेल त्याचा फोटो काढा. कुठल्या साली, कुठल्या स्टेशनला, कुणाकडून घेतला ते एका कागदावर लिहा आणि पावती त्याला टाचा. जुन्यावर नवीन पॉलिश मारू नका, सॅंडपेपर तर मुळीच नको. तो रंधा मारणाऱ्याच्या खुणा पुसतो. आणि ती फाइल कुठे आहे, ते घरात सांगून ठेवा.