कारणाचा रकाना

आमच्या मामांच्या हत्यारांच्या पेटीत रंधा, पटाश्या, गुण्या यांच्या सोबतीला एक स्टीलची पट्टी आहे. दिसायला शाळेतल्या फूटपट्टीसारखीच. पण तिच्यावरचे ३०० मिलिमीटर खऱ्या मापाने ३०३ भरतात. रविवार पेठेतल्या एखाद्या कापडवाल्याने अशी पट्टी वापरली तर गिऱ्हाईक खूश होईल आणि त्याचे दुकान बुडेल. फाउंड्रीत मात्र हीच पट्टी खरी. वितळलेले बीड थंड होताना आकसते, मीटरमागे साधारण १० मिलिमीटर. म्हणून वस्तू जेवढी हवी त्याहून तिचा लाकडी पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. ॲल्युमिनियमची पट्टी निराळी, ती मीटरला १३ च्या आसपास. पोलादाची त्याहून निराळी, २० च्या आसपास. दर वेळी कागदावर गणित मांडण्यापेक्षा कुणा शहाण्या पूर्वजाने ते गणित पट्टीवरच कोरून टाकले. कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी कारागिरांनी आपले ज्ञान साठवून ठेवण्याची काढलेली ही युक्ती मला फार आवडते.

मामा उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ३६ वर्षे पॅटर्नमेकर होते. ओल्या वाळूत वाटी दाबून काढली की वाटीच्या आकाराचा खळगा राहतो. त्या खळग्यात धातू ओतला की धातूची वाटी मिळते. मामांनी आयुष्यभर ही ‘वाटी’ सागवानात घडवली. कधी पंपाचे अंग, कधी व्हॉल्व्ह, कधी लेथचा लांबलचक बेड. निवृत्त होऊन चार वर्षे झाल्यावर फाउंड्रीने त्यांना पुन्हा बोलावले. सगळी ड्रॉइंग्ज आता कॉम्प्युटरवर गेली होती. जुन्या लोकांच्या डोक्यातले ज्ञानही तिथेच जावे अशी मालकांची इच्छा होती. या कामाला त्यांच्याकडे ‘नॉलेज कॅप्चर’ म्हणतात. मामांनी मला त्याचा अर्थ विचारला. मी म्हटले, ज्ञान पकडणे. ते म्हणाले, “पकडायला मी काय चोरी करून पळालोय काय?”

मी कॉलेजात मराठी शिकवते. यंत्राशी माझा संबंध मिक्सरपुरता. पण माझे माहेर मराठी आणि सासर कन्नड, त्यामुळे मामांची घरची भाषा आणि फाउंड्रीतली भाषा या दोन्ही मला कळतात. डिझाइन विभागातला तरुण इंजिनिअर धारवाडकडचा. कन्नड अस्खलित, मराठी कामापुरती. मामा रागावले की मराठीत, समजावू लागले की कन्नडमध्ये आणि मापे सांगताना इंग्रजीत. तेव्हा लेखनिक म्हणून मला सोबत न्यावे असे ठरले. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिघे रोज दुपारी तीन ते पाच पॅटर्नशॉपच्या एका कोपऱ्यात बसत होतो.

पहिले दोन दिवस फुकट गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक तक्ता होता: भागाचा क्रमांक, धातू, आकसण्याचे प्रमाण, मशीनिंगसाठी सोडायची जाडी आणि शेवटी ‘शेरा’. इंजिनिअर विचारायचा, इथे किती सोडायचे? मामा आकडा सांगायचे. का? “ते बघूनच कळतंय.” शेऱ्याच्या रकान्यात इंग्रजीत ‘अनुभव’ या अर्थाचा शब्द पडायचा. वीस नोंदींपुढे वीस वेळा तोच शब्द.

घरी आल्यावर मी या विषयावर थोडे वाचले, थोडे सासरच्या एका इंजिनिअर नातेवाइकाकडून समजावून घेतले. १९६३ साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली तयार केली. पडद्यावर प्रकाशाच्या लेखणीने रेषा काढायच्या आणि या दोन रेषा समांतर राहोत असे सांगितले की कॉम्प्युटर त्या समांतर ठेवायचा. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या ‘प्रो-इंजिनिअर’सारख्या सॉफ्टवेअरांनी हीच दिशा पुढे नेली: एक माप बदलले की त्यावर अवलंबून असलेली मापे आपोआप बदलतात. म्हणजे आकार साठवता येतो, आकारातली नातीही साठवता येतात. ती नाती तशी का जोडली हे मात्र ज्याने जोडली त्याच्याकडेच राहते. त्याने मुद्दाम कुठे लिहिले नाही तर फाइल कितीही वेळा उघडा, ते सापडत नाही.

याचे मोठे उदाहरण खुद्द नासाचे आहे. चंद्रावर माणसे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात एफ-१ जातीची पाच इंजिने असत. ते रॉकेट १९६७ ते १९७३ या काळात उडाले. पुढे ४० वर्षांनी हंट्सव्हिलच्या मार्शल केंद्रातल्या तरुण इंजिनिअरांनी जपून ठेवलेले एक इंजिन सुटे करून अभ्यासले. ड्रॉइंग्ज हरवली असा समज पुष्कळ ठिकाणी आहे, तो चुकीचा. ड्रॉइंग्ज होती. पण प्रत्येक इंजिन हाताने बांधलेले, आणि जोडाऱ्यांनी, वेल्डरांनी जागेवर केलेले बारीक फेरबदल त्या ड्रॉइंग्जमध्ये उतरलेच नव्हते. शेवटी प्रत्यक्ष सुट्या भागांवर प्रकाशाचे पट्टे टाकून ते मोजले, त्यांवरून कॉम्प्युटरवर नवी मॉडेल्स केली आणि जानेवारी २०१३ मध्ये त्या इंजिनाचा गॅस जनरेटर हा भाग पुन्हा पेटवून पाहिला. तो चालला. चंद्रावर जाणाऱ्यांची ही गत, तर आमच्या उद्यमबागेने काय वाईट वाटून घ्यायचे?

तिसऱ्या दिवशी इंजिनिअरने एक खोडसाळपणा केला. लेथच्या दोन मीटरच्या बेडचे ड्रॉइंग त्याने पडद्यावर उघडले आणि पॅटर्न मुद्दाम अगदी सरळ काढून मामांपुढे ठेवला. मामांनी चष्मा वर केला आणि ओरडलेच, “हंग माडब्याड, तम्मा! सरळ केलास तर वाकडं येईल. वाकडं कर, मग सरळ येतंय.”

“याक्री काका?” त्याने विचारले.

आणि मामा बोलू लागले. बेडच्या एका अंगाला जाड रुळ असतात, दुसऱ्या अंगाला पातळ फासळ्या. पातळ भाग आधी थंड होऊन घट्ट बसतो. जाड भाग मागाहून थंड होतो आणि आकसताना सगळ्या बेडला आपल्याकडे ओढतो. धनुष्याची दोरी ओढल्यासारखे ते वाकते. म्हणून पॅटर्नलाच उलटा बाक द्यायचा. या बेडला मध्यावर तीन मिलिमीटर. मी मराठी-कन्नड जसे आले तसे वहीत उतरवत गेले. त्या दुपारी शेऱ्याचा रकाना प्रथमच अपुरा पडला.

मग आम्हाला किल्ली सापडली. मामांना काय येते ते विचारायचे नाही, त्यांना चुकीचे काहीतरी दाखवायचे. दोन्ही टोकांना फ्लँज असलेला लांब पाइप दाखवला आणि नेहमीच्या पट्टीने मापे घेतली, तर म्हणाले, दोन फ्लँजांमध्ये वाळू अडकून बसते, ती त्याला पुरते आकसू देत नाही, लांबीला कमी सोड. लाकडाचा पॅटर्न एप्रिलमध्ये तपासून शिक्का मारलेला दाखवला, तर म्हणाले, मृगानंतर पुन्हा मोज. आपल्याकडच्या पावसात सागवानसुद्धा फुगते, तेही आडवे फुगते, नसेच्या दिशेने जवळजवळ नाहीच. आमच्या माजघरातले दार जुलैत का अडकते याचाही खुलासा मला तिथेच मिळाला!

या युक्तीची मोठी बहीण जपानमध्ये आहे, हे नंतर वाचले. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीला १९८५ च्या सुमारास घरगुती पाव करणारे यंत्र हवे होते. यंत्राने मळलेल्या कणकेचा पाव काही केल्या जमेना. तेव्हा इकुको तनाका नावाची त्यांची सॉफ्टवेअर तयार करणारी तरुणी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य पाववाल्याच्या हाताखाली शिकाऊ म्हणून राहिली. तो कणीक नुसती ताणत नाही, ताणताना पिळतो, हे तिला स्वतः मळताना कळले. मग यंत्राच्या भांड्याला आतून खाचेदार कडा दिल्या गेल्या आणि १९८७ मध्ये ते यंत्र बाजारात आले. पुढे इकुजिरो नोनाका यांनी ही हकिकत आपल्या लेखनातून जगभर पोहोचवली. पुरणाची कणीक किती सैल हवी हे सासूबाईंनी मला कधी ‘सांगितले’ नाही, बाजूला उभे करून दाखवले, हे इथे आठवल्याशिवाय राहिले नाही.

कुणी म्हणेल, आता सॉफ्टवेअरच हे सगळे सांगते, मग म्हाताऱ्यांच्या मागे कशाला लागायचे? सांगते, आणि उत्तम सांगते. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने ‘ऑटोकास्ट’ हे भारतीय सॉफ्टवेअर घडवले. धातू साच्यात कुठे शेवटी गोठेल आणि कुठे पोकळी राहील ते ओतण्याआधीच पडद्यावर दिसते. हेच प्रा. रवी २०२३ मध्ये आपल्या सुरतकलच्या एनआयटीचे संचालक झाले. या साऱ्याच्या मुळाशी च्वोरिनोव्ह या अभियंत्याने १९४० साली मांडलेला नियम आहे: घनफळाला पृष्ठफळाने भागा, त्याचा वर्ग करा, गोठायला लागणारा वेळ त्या प्रमाणात. मामांना हे नाव ठाऊक नाही. “लाडू मधून गरम राहतो, चकली नाही,” एवढेच ते म्हणतात, आणि रायझर बरोबर जागी बसवतात. पण सॉफ्टवेअरला वाळू कशी आहे, ओतणारा किती घाई करतो, हे कुणीतरी सांगावे लागते. नियम यंत्रात आहे. आपल्या भट्टीचा स्वभाव आपल्याच माणसांकडे आहे.

निर्णयामागची कारणे पद्धतशीर लिहून ठेवावीत, हा विचारही नवा नाही. होर्स्ट रिटेल आणि वेर्नर कुंझ यांनी १९७० साली त्यासाठी साधी मांडणी सुचवली: प्रश्न कोणता होता, उत्तरे कोणती पुढे आली, प्रत्येकाच्या बाजूने व विरुद्ध काय बोलले गेले. पुढे यावर कॉम्प्युटर प्रणाल्याही झाल्या. त्या फारशा रुजल्या नाहीत याचे मला तरी नवल वाटत नाही. लिहिण्याचा त्रास आज एकाला होतो आणि फायदा दहा वर्षांनी दुसऱ्याला. आपल्याकडे लग्नाच्या याद्यासुद्धा पुढच्या लग्नासाठी कुणी नीट ठेवत नाही.

दहाव्या दिवशी मात्र काम अडले. मामांनी पडदा स्वतःकडे वळवायला सांगितला आणि विचारले, “हे मी सांगितलं म्हणून कुठं लिवलंय?”

लिहिलेले नव्हते. प्रत्येक नोंदीपुढे ‘निर्माता’ म्हणून इंजिनिअरचे नाव आपोआप पडत होते, कारण टाइप करणारा तो. त्याचा त्यात काही दोष नव्हता. प्रणालीच तशी होती. मामा चिडले नाहीत. त्यांनी मला मागच्या मांडणीकडे नेले आणि एक जुना पॅटर्न उलगडला. दोन अर्धे एकमेकांना जोडले की झाकला जाईल अशा आतल्या पृष्ठभागावर शिसपेन्सिलीने तारीख आणि त्यांची अद्याक्षरे होती. १९९१ सालचा पॅटर्न. “आम्ही सगळे असंच करायचो. मालकाला दिसत नाही, पण आहे.” मग थोड्या वेळाने, हळूच: “एकदा सगळं यात गेलं की मला चहाला तरी कोण बोलावणार?”

फाउंड्रीने त्यांना मानधन दिले होते, मानाने वागवले होते, हे सांगायला हवे. तरी मला त्यांचा प्रश्न रास्त वाटला, आजही वाटतो. शिकाऊ म्हणून तुटपुंज्या पगारावर काढलेली वर्षे, बिघडलेल्या ओतिवांचे खाल्लेले बोल, हे सगळे त्या तीन मिलिमीटरमागे आहे. मजुरी दिली म्हणजे नाव पुसायची परवानगी मिळाली असे होत नाही. मी इंजिनिअरला म्हटले, दोन रकाने वाढव. एक ‘सांगणारा’. दुसरा ‘कारण’, आणि त्यात मामा जे बोलले तेच, त्यांच्याच शब्दांत. तो म्हणाला, मॅडम, सिस्टीम इंग्रजीत आहे. मी देवनागरीत एक ओळ टाइप करून दाखवली. सिस्टीमने निमूटपणे घेतली. मग त्याने खाली कन्नड लिपीत एक ओळ लिहिली, तीही घेतली. या गावात भाषेच्या पाट्यांवरून काय काय झाले ते आपण सगळे जाणतो. त्या रकान्यात ‘सरळ केलास तर वाकडं येईल’ आणि ‘हंग माडब्याड’ या वेगवेगळ्या लिप्यांतल्या ओळी एकाखाली एक बसल्या आहेत. वरिष्ठांनी आधी कुरकुर केली, मग इंग्रजी सारांशही असावा या अटीवर मान्य केले. सुट्टी संपेपर्यंत ११४ नोंदी झाल्या. अजून पुष्कळ राहिल्या आहेत.

दिवाळीच्या आधी मी मामांकडे गेले होते तेव्हा त्यांचा फोन वाजला. डिझाइन विभागात नव्याने लागलेली मुलगी होती. “काका, तुमची नोंद वाचली. तिथं दोन मीटरच्या बेडला तीन मिलिमीटर बाक लिहिलाय. आमचा बेड दीड मीटरचा आहे. मग सव्वादोन धरू का?”

“अदु हंगल्ल,” मामा म्हणाले आणि चहाचा कप बाजूला सारून सरसावून बसले. “हिशेब लांबीवरच नसतोय. आधी मला सांग, फासळ्या किती जाडीच्या घेतल्यात? आणि कुठनं कुठनं ओतणार?”