कैरोंतील एक रस्ता

कैरो शहराच्या जुन्या भागांत बाब-अल्-फुतूह नांवाच्या वेशींतून आंत शिरलें, म्हणजे अल्-मुइज्झ रस्ता लागतो. फातिमी खलिफांनीं दहाव्या शतकांत वसविलेल्या नगराचा हा राजमार्ग. मुसलमानांचा धर्म संसारी माणसाच्या हातून काय मागतो, हें ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचें असेल, त्यानें या रस्त्यानें सावकाश चालावें.

थोडें पुढें रस्ता जेथें दुभंगतो, तेथें अब्द-अल्-रहमान कतखुदा याची १७४४ सालची इमारत उभी आहे. खालीं सबील, म्हणजे पाणपोई, आणि वर मुलांना कुराण पढविण्याची शाळा. चैत्रांत पाणपोई घालणाऱ्या आपल्या घरांतील वडील मंडळींस यांतील पुण्य समजावून सांगावयास नको. मात्र त्यामागील हिशेब निराळा आहे. पैगंबरांच्या एका प्रसिद्ध वचनाचा आशय असा कीं, मनुष्य मेला म्हणजे त्याचीं कर्में थांबतात; मागें तीनच गोष्टी त्याच्यासाठीं चालू राहतात : वाहतें दान, लोकांच्या उपयोगीं पडणारी विद्या, आणि त्याच्याकरितां प्रार्थना करणारें सदाचारी अपत्य. कतखुदानें यांतील दोन एकाच पायावर बांधून घेतल्या! या वाहत्या दानासाठींच वक्फाची पद्धति पडली. मिळकत कायमची बांधून टाकावयाची आणि तिचें उत्पन्न तेवढें ठरविलेल्या कार्याकडे लावावयाचें.

जकात हा शब्द आपण नाक्यावरच्या कराला लावून मोकळे झालों. मूळ अरबींत त्यांत शुद्धि आणि वृद्धि असे दोन्ही अर्थ आहेत. ठराविक मर्यादेवरील जें धन वर्षभर शिलकीस राहिलें, त्याचा चाळिसावा भाग दरिद्री, कर्जबाजारी, वाटसरू इत्यादि आठ प्रकारच्या लोकांवर खर्च व्हावयाचा. कुराणांत नमाज आणि जकात यांचा उल्लेख वारंवार जोडीनेंच येतो. सदका ती याहून वेगळी, आपखुषीची.

आणखी पुढें सुलतान कलाऊन याची वास्तु लागते. हा अमीर असतांना दमास्कस येथें आजारी पडला, नूरुद्दीनच्या इस्पितळांतील औषधांनीं बरा झाला, आणि राज्य मिळाल्यास असेंच इस्पितळ बांधीन, असें त्यानें मनाशीं ठरविलें, अशी कथा आहे. १२८४-८५ मध्यें सुमारें वर्षभरांत इस्पितळ, मदरसा आणि त्याची स्वतःची कबर हीं तिन्हीं एकत्र उभीं राहिलीं. दान, उपासना आणि परलोक एकाच भिंतीआड! इस्पितळांत गरीब-श्रीमंत, स्त्री-पुरुष सर्वांस औषधोपचार फुकट असत. वक्फाच्या उत्पन्नावर तें कित्येक शतकें चाललें.

पण पंधराव्या शतकांतील इतिहासकार मक्रीझी दुसरी बाजूहि सांगतो. येथें पूर्वी एक वाडा होता. तो राहत्या राजघराण्यांतील स्त्रियांकडून सोडविण्यांत आला. देखरेखीवरील अमीर शुजाई यानें रोडा बेटावरील किल्ल्याचे खांब व संगमरवर उचलून आणविले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना वेठीस धरून दगड वाहावयास लावले. लोक ही वाट टाळूं लागले. अशा जागीं नमाज पढूं नये, असें मत कांहीं धर्मज्ञांनीं दिलें. मक्रीझीचा शेरा मात्र मिस्किल आहे : तो वाडा तरी आधींच्यांनीं दुसऱ्यांकडूनच बळकावला होता, म्हणजे चोरानें चोरास लुबाडलें.

मला त्या धर्मज्ञांचें म्हणणें अधिक पटतें. पैगंबरांच्या दुसऱ्या एका वचनांत खऱ्या दिवाळखोराचें वर्णन आहे. तो निवाड्याच्या दिवशीं नमाज, रोजे व जकात यांची मोठी पुंजी घेऊन येतो. पण त्यानें कोणास मारलेलें, कोणाचें धन खाल्लेलें असतें, म्हणून ती पुंजी त्या पीडितांत वांटली जाते, आणि ती अपुरी पडली तर त्यांचीं पापें याच्या माथीं येतात. या न्यायानें पाहिलें, तर कलाऊनच्या इस्पितळांत बऱ्या झालेल्या रोग्यांचें पुण्य कोणाच्या पदरीं पडत असेल? कदाचित् त्या वेठीच्या दगडवाहकांच्या!

सुलतान १२९० मध्यें वारला. त्याच्या कबरीची वास्तु आजहि उभी आहे. इस्पितळाचा बराच भाग पडून गेला; त्याच जागेंत विसाव्या शतकाच्या आरंभीं डोळ्यांच्या रोग्यांसाठीं नवा दवाखाना बांधण्यांत आला.