वूफर, उशी आणि लॅमिंग्टन रोड

शनिवारी सकाळी ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरा, पाच-सात मिनिटं चाला, की आलाच लॅमिंग्टन रोड. पाटीवर आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण १९०३ ते १९०७ या काळातल्या गव्हर्नरसाहेबांचं नाव काही लोकांच्या तोंडून जात नाही. वायरी, स्पीकर, सोल्डरिंगचा वास आणि 'बोलो बॉस, क्या चाहिए?'

मला हवं होतं डॅम्पिंग. घरीच केलेल्या सबवूफरच्या डब्याला आतून लावायला. १८ एमएमचा एमडीएफ, १० इंची वूफर, डबा सीलबंद. सगळं झकास जमलं होतं. फक्त खालच्या मजल्यावरच्या आजींची शोकेस थरथरत होती. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अरे, ह्यांना झोप लागत नाही रे." ते जास्त लागलं.

पहिल्या दुकानात अंड्यांच्या ट्रेसारखा फोम. दुसऱ्यात ग्लासवूल, नुसता हात लावला तरी खाज! तिसऱ्या दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"५० हर्ट्झची लाट जवळजवळ ७ मीटर लांब असते. तुझा इंचभर फोम तिला काय अडवणार?"

"मग आत काहीच नको?"

"पॉलिस्टर फायबर भर. आतली हवा दाबली की तापते, फायबर ती उष्णता ओढून घेतं. डबा आहे त्यापेक्षा जरा मोठा असल्यासारखा वागतो. फळ्या थरथरत असतील तर आतून आडवा टेका दे."

"आणि आजींची शोकेस?"

"ते आत काही भरून थांबत नाही. त्यासाठी आवाजाचं बटण असतं."

काकांनी मला काही विकलंच नाही! म्हणाले, "उशीत भरतात तेच. गादीवाल्याकडे जा."

दादरला गाडी बदलून डोंबिवली गाठली. स्टेशनजवळच्या गादी कारखान्यात अर्धा किलो फायबर घेतलं. घरी हाताने पिंजून सैलसर भरलं, ठासून नाही. वूफरच्या मागे थोडी जागा मोकळी ठेवली, मधे एक टेका ठोकला. बास जरा खोल गेला, डब्याची गुणगुण थांबली. मी खूश!

शोकेस मात्र थरथरतच होती. काका बरोबर होते.

आता रात्री ९ नंतर वूफर बंद. आजोबांच्या झोपेसाठी तेवढंच डॅम्पिंग कामाला आलं.