सोडणे आणि सुटणे

जयपूरच्या रामगंज, घाट दरवाजा आणि चार दरवाजा या भागांतील गल्ल्यांमधून दिवसभर सराणेचा एकसुरी आवाज येत असतो. लाखेने काडीच्या टोकाला चिकटवलेला पाचूचा खडा कारागीर फिरत्या चकतीवर टेकवतो, क्षणभराने उचलतो, डोळ्यांजवळ नेऊन निरखतो आणि पुन्हा टेकवतो. तो खडा कोलंबिया, झांबिया अशा दूरदेशीच्या खाणींतून आलेला असतो. पैलू पडले की तो जौहरी बाजारात जातो आणि तेथून कोणाच्या तरी बोटात किंवा गळ्यात. कारागिराच्या हाती त्याचा मुक्काम अल्पकाळाचा. तेवढ्या अवधीत मात्र त्या खड्याला त्याच्याइतके जवळून कोणीच ओळखत नाही. चीर कोठे आहे, रंग कोठे दाटला आहे, किती घासले असता तेज उजळेल आणि किती घासले असता खडा तुटेल, हे सारे त्याच्या बोटांना ठाऊक असते. इतकी जवळीक, आणि मालकी मात्र तिळभरही नाही.

सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेल्या या नगराची कीर्ती रत्नांच्या व्यापारावर वाढली, आणि त्या व्यापारामागची हाताची विद्या पुष्कळ अंशी येथील मुसलमान कुटुंबांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली. त्यांच्याच वस्तीत, चार दरवाजा भागात, मौलाना जियाउद्दीन या चिश्ती सत्पुरुषाचा दर्गा आहे. ज्या परंपरेने संपत्तीचा मोह हे साधनेतील मोठे विघ्न मानले, तिचे ठाणे रत्नांच्या बाजारापासून फार दूर नसावे, हा योगायोग असेल. परंतु त्यातून उभा राहणारा प्रश्न टाळता येत नाही. जो दिवसभर दुसऱ्याचे धन हाताळतो आणि सायंकाळी रिकाम्या हातांनी उठतो, त्याने आणखी काय सोडायचे?

या सोडण्याला सूफींचा शब्द आहे 'तर्क'. मराठी वाचक येथे अडखळणे स्वाभाविक आहे, कारण त्याच्या कानाला तर्क म्हणजे अनुमान, बुद्धीची वाट. अरबीतून फारसीत रुळलेला हा तर्क निराळा. त्याचा अर्थ टाकणे, सोडून देणे. 'तर्क-ए-दुनिया'चे भाषांतर संसारत्याग असे सहज केले जाते, आणि ते थोडे फसवेही ठरते. 'दुनिया' हा शब्द अरबीत जवळिकीचा अर्थ असलेल्या धातूपासून आला आहे. जे हाताशी आहे, डोळ्यांच्या अगदी पुढे आहे आणि म्हणूनच पलीकडचे दिसू देत नाही, ती दुनिया. इस्लामने मठवासाला कधी प्रतिष्ठा दिली नाही. खुद्द पैगंबर व्यापार केलेले आणि संसारी होते. त्यामुळे सूफी साधकापुढचा पेच अधिक बिकट झाला. वनात जाण्याची मुभा नाही. बायकामुले, शेत, दुकान, शेजार यांच्यामध्ये राहूनच मन सोडवून घ्यायचे आहे.

हजरत निजामुद्दीन औलिया यांच्या संभाषणांचा 'फवाइद-उल-फुआद' हा संग्रह अमीर हसन सिज्झी या कवीने चौदाव्या शतकाच्या प्रारंभी सिद्ध केला. त्यात मांडलेला त्यागविचार याच दिशेचा आहे. अंगावरचे वस्त्र फेकून देण्याला तेथे मोल नाही. नेसावे, खावे, पण जे येईल ते साठवू नये आणि त्यात जीव गुंतवू नये, असा त्याचा आशय. या हसन सिज्झींनी अखेरचा श्वास दख्खनमध्ये घेतला आणि त्यांची कबर खुलताबादेत आहे. दिल्लीच्या खानकाहात उमटलेला विचार लिहून ठेवणारा हात महाराष्ट्राच्या मातीत विसावला, ही गोष्ट मराठी माणसाने आठवणीत ठेवण्याजोगी आहे.

मराठी भाषेने या जगातून जे शब्द घेतले, त्यांच्या अर्थांत पडलेला फरकही बोलका आहे. 'कसब' म्हणजे मुळात श्रमाने केलेली कमाई. मराठीत ते कमाईपासून सुटले आणि हातातले कौशल्य झाले. 'हौस' ही मूळची 'हवस', म्हणजे वासना. मराठीत येता येता तिचा दाह निवाला आणि ती सणासुदीला शोभू लागली. कमाईचे कौशल्य व्हावे आणि वासनेची हौस व्हावी, हा भाषेने नकळत केलेला प्रवास सूफी साधनेला फारसा परका नाही. इच्छा मारण्यापेक्षा तिचा दाह शमवण्याकडे या साधनेचा कल पुष्कळदा राहिला.

या विचाराचे सर्वांत स्वच्छ उदाहरण जयपूरच्या पश्चिमेस, नागौरला सापडते. अजमेरचे ख्वाजा मोइनुद्दीन चिश्ती यांचे शिष्य शेख हमीदुद्दीन नागौरी १२७४ मध्ये निवर्तले. त्यांना 'सुलतान-उत-तारिकीन', म्हणजे सोडणाऱ्यांचा सुलतान, ही पदवी मिळाली. परंपरा सांगते की, एकदा प्रसन्न वेळी ख्वाजांनी शिष्यांना हवे ते मागण्यास सांगितले. कोणी इहलोक मागितला, कोणी परलोक. हमीदुद्दीनांनी मात्र ईश्वराची इच्छा तीच आपली, एवढेच सांगितले. पुढे नागौरजवळच्या सुवाल गावी एक बिघा जमीन ते स्वतः कसत. आधी अर्धा बिघा, मग उरलेला अर्धा. घर मातीचे होते. गाय होती, तिचे दूध ते स्वतः काढीत. मांसाहार त्यांनी वर्ज्य केला होता. राजस्थानातल्या शेतकऱ्याचे जे जिणे, तेच या सुलतानाचे जिणे होते.

त्यांची ही विपन्नावस्था पाहून नागौरच्या प्रांताधिकाऱ्याने जमीन देऊ केली. त्यांनी ती नाकारली. वार्ता दिल्लीस गेली आणि सुलतानाकडून ५०० चांदीचे टंके व एका गावाची सनद आली. त्या वेळी शेखांच्या अंगावर फाटके वस्त्र होते आणि पत्नीजवळ डोक्यावर घ्यायला ओढणीही नव्हती, असे चरित्रकार सांगतात. शेख उठून घरात गेले आणि त्यांनी ही गोष्ट पत्नीच्या कानी घातली. तिने उत्तर दिले ते असे की, इतक्या वर्षांची साधना आता कशासाठी डागाळायची; आपण सूत कातून ठेवले आहे, त्यातून दोघांपुरते वस्त्र निघेल. शेख समाधानाने बाहेर आले आणि त्यांनी देणगी परत केली.

या कथेतला महत्त्वाचा क्षण शेखांच्या नकाराच्या आधी येतो. ते घरात जातात, विचारतात. मराठी वाचकाला येथे देहूची आठवण झाल्यावाचून राहत नाही. छत्रपतींनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे. पण त्या विरक्तीचा भार वाहणारी आवली लोकस्मृतीत कजाग म्हणून उरली. तिच्या भुकेल्या लेकरांचा हिशेब फारसा कोणी मांडला नाही. नागौरच्या त्या स्त्रीचे चरित्रही दोन वाक्यांपलीकडे जात नाही. तरी तिला विचारले गेले, आणि नकार तिच्या तोंडून प्रथम उमटला, एवढी नोंद परंपरेने जपली. घरातल्या एकाने सोडावे आणि दुसऱ्याने सोसावे, हे त्यागाचे सर्वांत जुने वैगुण्य आहे. सुताच्या त्या लडीने निदान एका घरात ते दूर केले.

याचा अर्थ दारिद्र्याचा पक्ष सर्वांनाच मान्य होता असा नाही. मुलतानचे सुहरावर्दी संत शेख बहाउद्दीन जकारिया धनवान होते, आणि त्यांना ते धन साधनेआड येते असे वाटत नसे. हमीदुद्दीनांनी त्यांना पत्रे लिहून विचारले की, धन आणि ईश्वर यांची एकत्र वस्ती होते तरी कशी. ज्याचे मन धनामागे धावत नाही त्याला धन बाधत नाही, हा सुहरावर्दींचा पक्ष. त्या उत्तरांनी नागौरच्या शेतकऱ्याचे समाधान झाले नाही, असे म्हणतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. हृदय रिकामे असेल तर भरलेली पेटी बाधत नाही, हे खरे. पण हृदय रिकामे आहे हे ठरवणार कोण? पेटीच्या मालकाची साक्ष या कामी फारशी भरवशाची नसते.

पुढच्या शतकांत हाच प्रश्न घेऊन चिश्ती परंपरेची एक शाखा दख्खनमध्ये आली. दिल्लीचे शाह कलीमुल्लाह हे ताजमहालाशी ज्यांचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरी या स्थपतीचे नातू. त्यांच्याविषयी सांगतात की, आपली हवेली त्यांनी अडीच रुपये महिना भाड्याने दिली होती. स्वतः ते आठ आण्यांच्या भाड्याच्या घरात राहत आणि उरलेल्या दोन रुपयांत संसार चालवीत. बादशहा फर्रुखसियरच्या देणग्या त्यांनी स्वीकारल्या नाहीत. त्यांचे शिष्य शाह निजामुद्दीन त्या वेळच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्थिरावले आणि १७३० मध्ये तेथेच निवर्तले. निजामुद्दीनांचे पुत्र फख्रुद्दीन औरंगाबादेतच जन्मले, पुढे दिल्लीस गेले, आणि त्यांच्या शिष्यांपैकी मौलाना जियाउद्दीन जयपुरात आले. चार दरवाजातल्या त्या दर्ग्याचा धागा असा मराठी मुलखातून गेलेला आहे.

आता पुन्हा त्या सराणेपाशी यावे. वर सांगितलेल्या साऱ्या कथांत एक गोष्ट समान आहे: प्रत्येकापुढे काहीतरी ठेवले गेले होते. सनद आली होती, टंके आले होते, हवेली होती. नकाराला वस्तू होती. रोजंदारीवर पैलू पाडणाऱ्या माणसाकडे सनद घेऊन कोणी येत नाही. त्याच्या घरात साठा नाही, कारण साठवायला काही उरत नाही. त्याला निरिच्छतेचा उपदेश करणे सोपे आहे आणि सोयीचेही. उपाशी माणसाला उपवासाचे पुण्य सांगण्यासारखेच ते आहे. नसणे आणि सोडणे यांत जे अंतर आहे, ते बुजवण्याचे पाप अनेक धर्मांच्या अनेक उपदेशकांनी केले आहे. सूफी वाङ्मयातील 'फक्र' हा शब्द अशा गल्लतीला विशेष बळी पडतो. त्याचा रोख ईश्वरापुढे माणसाला जाणवणाऱ्या रितेपणावर आहे. मजुरी बुडाल्याने येणाऱ्या रितेपणाला ते नाव देता येत नाही. कारागिराला त्याचे दाम पुरते मिळणे, ही न्यायाची बाब आहे, आणि ती न्यायाचीच राहिली पाहिजे.

तथापि, त्या माणसाला तर्काचा काहीच अधिकार नाही असे म्हणणे हाही त्याचा दुसरा अवमान ठरेल. इच्छा केवळ धनिकांनाच होतात असे नाही. बदलून ठेवता येईल असा खडा, शेजारच्या कारागिराच्या हाताविषयीचा मत्सर, व्यापाऱ्याविषयी मनात साचत गेलेले विष, मुलाने हेच काम करावे की करू नये याविषयीचा हट्ट, हे सारे त्याच्याही पुढे रोज येऊन उभे राहते. सूफी ज्याला 'नफ्स' म्हणतात, त्या अंतरीच्या मागणाऱ्याला गरिबाचे घर वर्ज्य नाही. तेथेही नकाराला जागा असते, आणि तो नकार कोणत्याही चरित्रग्रंथात नोंदला जात नाही.

चिश्तींच्या चार पाकळ्यांच्या टोपीला 'चार-तर्की' म्हणतात. फारसीत टोपीच्या पाकळीलाही तर्कच म्हणत असल्याने या नावात श्लेष साधला आहे. चार पाकळ्या म्हणजे चार त्याग. ते कोणते, याविषयी ग्रंथांत एकमत नाही, पण एका मांडणीत शेवटचा त्याग येतो तो त्यागाचाच: 'तर्क-ए-तर्क'. आपण सोडले, ही जाणीवही सोडायची. ही पायरी किती कठीण, हे परंपरेच्या स्वतःच्या इतिहासातच दिसते. सोडणाऱ्यांच्या कबरींवर घुमट चढले. अजमेरच्या दर्ग्याला मोगल काळात गावे इनाम मिळाली, आणि त्याच्या व्यवस्थापनासाठी संसदेने १९५५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. नागौरला सुलतान-उत-तारिकीनांच्या दर्ग्यापुढे चौदाव्या शतकातला भव्य नक्षीदार दरवाजा उभा आहे. लोक त्याला 'अतारकीन का दरवाजा' म्हणतात. ज्याने गावाची सनद परत केली, त्याच्या दाराशी शिल्पकारांनी एवढे दगडी वैभव उभे केले. सोडलेली दुनिया भक्तीचे रूप घेऊन मागाहून येते, आणि तेव्हा तिला नाकारायला तो माणूस जिवंत नसतो.

मावळतीच्या सुमारास जयपूरच्या त्या गल्ल्यांत सराणी एकेक करून थांबतात. काडीवरची लाख ऊब देऊन मऊ केली जाते, खडा सुटा होतो, पुसला जातो, तोलला जातो आणि कागदाच्या पुडीत घालून मालकाकडे परत जातो. मगरिबची अजान होते. कारागीर हात धुतो. बोटांच्या रेषांत बसलेली हिरवट धूळ पुष्कळशी निघून जाते. थोडी राहते, ती उद्याच्या धुळीत मिसळण्यासाठी.