स्वार बुजला की घोडा बुजतो

‘घोडामैदान जवळच आहे’ असे आपण किती सहजपणे म्हणतो! दहावीची परीक्षा असो, निवडणूक असो वा घरातले लग्न असो, कसोटीची घटका फार दूर नाही एवढेच आपणांस सुचवायचे असते. त्यात घोडा नसतो आणि मैदानही नसते. ज्यांच्यापुढे खराखुरा घोडा आणि खरेखुरे मैदान असते, त्यांच्या मनाची काय अवस्था होत असेल, हा विचार आमच्या मनाला फारसा कधी शिवला नव्हता.

तो करावयास आम्हांस आमच्या धर्मग्रामातील एका मुलीने लावले. ती पुण्यास शिकते आणि तेथेच घोड्यावरून अडथळे पार करण्याच्या स्पर्धांत भाग घेते. मागे एका स्पर्धेत तिचा घोडा अडथळ्यापाशी ऐनवेळी थांबला. ती त्याच्या मानेवरून पुढे फेकली गेली आणि तिच्या खांद्याचे हाड मोडले. हाड यथावकाश सांधले. धास्ती मात्र तशीच राहिली. पुढील स्पर्धा तोंडावर आली असता एका रविवारी मिस्सानंतर ती आम्हांस म्हणाली, “फादर, माझी भीती जावी म्हणून प्रार्थना करा. नाही गेली, तर मी घोड्यावर बसणं कायमचं सोडणार आहे.”

आम्ही लगेच होकार दिला नाही. भीती वाटते म्हणजे नेमके काय होते, ते आधी सांग, असे म्हटले. तिने जे सांगितले, त्याने आमच्या ज्ञानात मोलाची भर पडली.

या खेळात मैदानात दहा-बारा अडथळे मांडलेले असतात. दांडी पडली की चार दोषगुण. घोडा पहिल्यांदा अडला तरी चार. स्पर्धेपूर्वी स्वार पायी फिरून, पावले मोजून अडथळ्यांमधील अंतरे ध्यानात ठेवतो. घोड्याला मात्र ती वाट आधी दाखवीत नाहीत. शिवाय घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला मागचेही बरेच दिसते, पण अगदी तोंडासमोरचा थोडा भाग दिसत नाही. तेव्हा त्याची उडी ही बरीचशी पाठीवरच्या माणसाच्या भरवशावर असते. आणि तो माणूस भ्यालेला असेल तर? तो श्वास रोखतो, पाय आवळतो, लगाम खेचतो. पायांचा दाब म्हणजे ‘चल’ आणि लगामाचा ताण म्हणजे ‘थांब’. एकाच क्षणी दोन उलट आज्ञा मिळाल्यावर त्या मुक्या प्राण्याने काय करावे? तो बुजतो, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो.

स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही माणसांना घोडा घेऊन एका ठरावीक वाटेने फेऱ्या घालावयास लावले आणि अमुक फेरीला वाटेत एकदम छत्री उघडली जाईल, असे सांगून ठेवले. प्रत्यक्षात छत्री उघडलीच नाही. तरीही त्या फेरीत माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले. आणि ज्यांना कोणी काही सांगितले नव्हते, त्या घोड्यांचेही वाढले!

ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच अश्वारोहणावर ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याशी कधी वागू नये, असे तो सांगतो. घोडा एखाद्या वस्तूला भ्याला, तर त्याला मारू नये, हळुवारपणे त्या वस्तूजवळ न्यावे. मारले तर दुखण्याचे कारण ती वस्तूच आहे असे त्याला वाटते, असाही त्याचा उपदेश आहे.

हा उपदेश जुना झाला नाही, हे २०२१ साली टोकिओच्या ऑलिंपिकमध्ये साऱ्या जगाने पाहिले. आधुनिक पेंटाथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेत स्वाराला चिठ्ठ्या टाकून अनोळखी घोडा मिळत असे आणि ओळख करून घ्यावयास अवघी वीस मिनिटे. जर्मनीची आनिका श्लॉय तोपर्यंत आघाडीवर होती. तिच्या वाट्याला आलेला सेंट बॉय नावाचा घोडा पुढे जाईना. ती पाठीवर बसून हुंदके देत होती आणि घोडा अधिकाधिक बिथरत होता. तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारला, म्हणून तिला स्पर्धेतून बाद करण्यात आले. श्लॉय एकतिसावी आली. पुढे २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर या स्पर्धेतून अश्वारोहण वगळले गेले. त्या मुलीला दोष देण्यास आमचे मन धजत नाही. वीस मिनिटांत विश्वास कसा जुळावा? त्याच टोकिओत आपल्या फवाद मिर्झाने अश्वारोहणात तेविसावा क्रमांक मिळविला; पण त्याचा सेन्यूर मेडिकॉट हा घोडा २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये रौप्यपदके मिळविताना त्याच्यासोबतच होता.

हे सारे मनात घोळवीत असता आमच्या डोळ्यांपुढे गेथसेमनीची बाग उभी राहिली. त्या रात्री प्रभू येशू भ्याला नव्हता, असे शुभवर्तमान सांगत नाही. तो व्याकूळ झाला, आपली व्याकूळता त्याने मित्रांजवळ उघड केली आणि पित्यापाशीही बोलून दाखविली. प्याला टळला नाही. मात्र तो उठून उभा राहिला, आणि त्याला धरावयास लोक आले तेव्हा ‘माझ्या माणसांना जाऊ द्या’ ही काळजी त्याच्या ओठी होती. जिथे प्रभूची भीती गेली नाही, तिथे त्या मुलीची जावी अशी मागणी आम्ही कोणत्या तोंडाने करणार? आम्ही तिला म्हटले, “बाळ, भीती जावी म्हणून नाही, पण भीती असतानाही तुझे लक्ष घोड्यावर राहावे म्हणून आम्ही प्रार्थना करू.”

तिच्या शिक्षकांनी आपल्या परीने तेच केले. सरावात दांड्या पुन्हा खालच्या उंचीवर आणल्या. अडथळ्याकडे जाताना श्वास सावकाश सोडावयास आणि नजर दांडीवर न खिळविता पलीकडच्या अडथळ्याकडे लावावयास शिकविले. स्पर्धेच्या सकाळी घोड्याचा खरारा मोतद्दाराकडून न करविता तिनेच करावा, असे ठरविले. स्पर्धेत तिच्या दोन दांड्या पडल्या. घोडा मात्र एकदाही अडला नाही. “भीती शेवटपर्यंत होती, फादर,” तिने फोनवर सांगितले, “पण घंटा झाल्यावर मी त्याचे कान बघत होते. तो माझं ऐकतोय की नाही, एवढंच.” घोड्यावर बसणे तिने सोडलेले नाही.

प्रत्येक घरात कोणी ना कोणी कोणाच्या भरवशावर उडी घेत असते. परीक्षेला निघालेले मूल आईच्या आवाजातील कंप ओळखते; शस्त्रक्रियेला निघालेला रुग्ण नातलगांचे चेहरे वाचतो. आपण घाबरलोच नाही, हे सोंग तेथे टिकत नाही. आपल्या हातातील लगाम थोडा सैल सोडता येतो आणि ज्याला उडी घ्यावयाची आहे, त्याच्याकडे पाहता येते. हल्ली कोणी भीती जाण्यासाठी प्रार्थना मागितली, की आम्ही आधी विचारतो, “तुझ्या भरवशावर कोण आहे?” आणि मग दोघांसाठी मिळून प्रार्थना करतो.